गांव करी तें राव काय करी?

इंग्लंडचें नांव निघालें म्हणजे आमच्या शहरवासी वाचकांच्या डोळ्यांपुढें लंडनचें पार्लमेंट, मँचेस्टरच्या गिरण्या आणि लिव्हरपूलची गोदी हींच उभीं राहतात. ज्या राष्ट्रानें १८१८ पासून १९४७ पर्यंत महाराष्ट्रावर राज्य केलें, त्याची ओळख आपण त्याच्या कचेऱ्यांवरून, पलटणींवरून व पेढ्यांवरून करून घेतली. त्याच्या खेड्यावरून ती करून घ्यावी असें फारच थोड्यांस सुचलें. वस्तुतः कोणत्याही राष्ट्राचा स्वभाव त्याच्या राजधानींत जितका दिसतो, त्याहून अधिक त्याच्या शेताच्या बांधावर दिसतो. शेजाऱ्याच्या जमिनींत नांगराचें एक तास अधिक गेलें तर तेथें पुढें काय होतें, एवढा एकच प्रश्न विचारावा. म्हणजे त्या लोकांचा न्याय, त्यांचा लोभ, त्यांची एकी आणि त्यांची बेकी हीं सर्व एकदम कळून येतात. या प्रश्नाचें उत्तर कित्येक शतकें एकाच रीतीनें देत आलेलें एक लहानसें खेडें इंग्लंडांत अद्याप शाबूत आहे. आज आम्ही वाचकांस तेथें घेऊन जाणार आहों.

त्या खेड्याचें नांव लॅक्स्टन. नॉटिंगहॅमशायर परगण्यांत, नेवार्क शहराच्या उत्तर अंगास, जड व चिकण मातीच्या मुलखांत हें गांव वसलें आहे. नॉर्मन सरदारांनीं घातलेल्या गढीचा मातीचा उंचवटा गांवाजवळ अजून दिसतो. गांवांत सेंट मायकेलचें जुनें देऊळ आहे, डव्हकोट नांवाचें एक मद्यगृह आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस शेतकऱ्यांचीं घरें, गोठे व कोठारें आहेत. इतकाच काय तो पसारा. इंग्लंडांत इतरत्र हिंडणाऱ्या प्रवाशास शेतकऱ्याचें घर पुष्कळदां त्याच्याच शेतांच्या मध्यभागीं, शेजाऱ्यापासून दूर, एकटें उभें असलेलें आढळतें. लॅक्स्टनचा शेतकरी मात्र आपल्याकडील कुणब्याप्रमाणें गांवांत राहतो आणि गांवाबाहेर शेतावर जातो. हा भेद दिसण्यांत लहान आहे. परंतु ज्या गांवांत सकाळीं दार उघडतांच शेजाऱ्याचें तोंड पाहावें लागतें, त्या गांवांत शेजाऱ्याचा बांध कोरणें तितकेंसें सोपें राहत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

गांवाबाहेर वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड, म्हणजे पश्चिमेचें रान, दक्षिणेचें रान व चक्कीचें रान, अशीं तीन मोठीं रानें आहेत. त्यांत भिंत नाहीं, तार नाहीं, कांट्यांची वई नाहीं. प्रत्येक रान लांबट पट्ट्यांत वांटलेलें असून एकाच शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले असतात. कसदार जमीन सगळी एकाच्या वांट्यास आणि पाणथळ सगळी दुसऱ्याच्या वांट्यास येऊं नये, असा त्याचा एक हेतु सांगतात. पिकांचा पालट सर्वांस एकच. एका रानांत हिवाळी गहूं, दुसऱ्यांत वसंतांत पेरावयाचें पीक, आणि तिसरें पडीत किंवा चाऱ्यास राखलेलें. पुढच्या वर्षीं हा क्रम एक घर पुढें सरकतो. म्हणजे प्रत्येक रानास तीन वर्षांतून एकदां विसावा मिळतो. पूर्वीं पीक निघाल्यावर सर्व गांवाचीं गुरें व मेंढरें त्या मोकळ्या रानांत चरावयास सोडीत, आणि भटक्या गुरांसाठीं गांवाचा कोंडवाडाही असे. ज्या ओलसर घळींत व उतारांवर नांगर चालत नाहीं त्या गवतासाठीं राखून ठेवितात. त्यांस तेथील लोक साइक म्हणतात. त्यांतील गवत सर्वांच्या सामायिक हक्काचें समजलें जाऊन त्याचा दरवर्षीं लिलाव होत आला आहे. एके काळीं मध्य इंग्लंडांतील बहुतेक गांवांची शेती अशीच चालत असे. इतक्या पूर्ण स्वरूपांत ती पद्धति आज लॅक्स्टनसारखी दुसरीकडे कोठेंही आढळत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. जेथें कुंपण नाहीं तेथें हद्द राखावी कोणीं? लॅक्स्टनचें उत्तर असें कीं, ती गांवानें राखावी. दरवर्षीं नोव्हेंबरच्या अखेरीच्या सुमारास, गव्हाची पेरणी आटोपली म्हणजे, गांवकऱ्यांतूनच नेमलेली ज्यूरी आपल्या प्रमुख पंचासह त्या वर्षींच्या गव्हाच्या रानांत उतरते. पंच प्रत्येक पट्ट्याची हद्द पाहतात, जेथें खूण पुसट झाली असेल तेथें खुंटी ठोकतात, आणि कोणाचा नांगर सामायिक वाटेंत अथवा साइकच्या गवतांत घुसला आहे काय, कोणाचा चर बुजला आहे काय, याची नोंद करितात. त्यानंतर सुमारें आठवड्यानें डव्हकोट मद्यगृहांत कोर्ट लीट नांवाची गांवची न्यायसभा भरते. जमीनदाराचा कारभारी अध्यक्षस्थानीं बसतो, हक्कदारांच्या नांवांची यादी वाचली जाते, ज्यूरीचा प्रमुख आपल्या पाहणीचा वृत्तांत सांगतो, अपराध्यास दंड होतो, आणि पुढील वर्षासाठीं नव्या पंचांस शपथ देण्यांत येते. दंड कांहीं पौंडांचा. ज्यांनीं तो केला ते दंड झालेल्याचे शेजारीच असतात. आणि पुढच्या खेपेस, कोणी सांगावें, तोच मनुष्य पंच म्हणून रानांत उतरून आज दंड करणाऱ्याच्या पट्ट्याकडे वांकून पाहील.

ही दंडाची रक्कम ऐकून आमच्या एखाद्या नामांकित वकिलास हंसूं येईल. परंतु आम्ही स्वतः कायद्याचे अभ्यासी आहों, आणि दिवाणी न्यायालयांच्या ओसरींत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं आहेत. तेव्हां आम्हांस हंसूं न येतां थोडी लाजच वाटते. बांधाच्या वादाचा दावा आजोबानें लावावा, बापानें त्याच्या तारखा मोजाव्या, आणि निकाल नातवानें ऐकावा. तोंवर वादाचा बांध किती हात होता हें सांगणारा एकही साक्षीदार जिवंत नसावा, ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे. लॅक्स्टनच्या रीतींत तीन गुण आहेत. पहिला हा कीं, तपास गुन्हा ताजा असतांनाच होतो. नांगराचें तास अद्याप ओलें आहे तोंच पंच तेथें उभे असतात. दुसरा हा कीं, पुरावा कागदावर नसून डोळ्यांपुढें असतो, आणि तो पाहणारे त्या जमिनीचे जाणते असतात. तिसरा आणि सर्वांत मोठा गुण हा कीं, न्याय करणारा आणि न्याय मागणारा या दोन निराळ्या जाति नाहींत; आज जो आरोपी तो उद्यां पंच, आणि आज जो पंच तो उद्यां आरोपी. ज्यास पाळीपाळीनें दोन्ही बाजूंस उभें राहावें लागतें, त्यास अन्याय करण्याचें धैर्य सहसा होत नाहीं. या न्यायसभेची योग्यता पार्लमेंटासही मान्य करावी लागली. १९७७ च्या न्यायप्रशासनाच्या कायद्यानें देशांतील जुन्या जहागिरी न्यायसभांचा अधिकार काढून घेण्यांत आला, त्या वेळीं लॅक्स्टनची कोर्ट लीट तेवढी अपवाद म्हणून राखण्यांत आली. अपवाद ठेवणाऱ्यांनीं तो केवळ पुराणवस्तु म्हणून ठेविला नाहीं. तेथें अद्याप खरें काम होत होतें म्हणून ठेविला.

या गांवाचा एक जुना नकाशा प्रसिद्ध आहे. १६३५ सालीं मार्क पिअर्स नांवाच्या मोजणीदारानें गांवांतील एकूण एक पट्टा मोजून तो तयार केला. आज तो ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. ही मोजणी करविणारा गांवचा तेव्हांचा मालक सर विल्यम कोर्टेन हा लंडनचा मोठा व्यापारी होता. आणि येथें आमच्या व्यापारी वाचकांनीं अंमळ कान टवकारावे. ज्या १६३५ सालीं लॅक्स्टनच्या पट्ट्यांची मोजणी झाली, त्याच सालीं कोर्टेनच्या मंडळीनें ईस्ट इंडिया कंपनीस न जुमानतां पूर्वेकडील व्यापाराचा परवाना पहिल्या चार्ल्स राजाकडून मिळविला. १६३६ मध्यें तिचीं जहाजें कॅप्टन वेडल याच्या हाताखालीं गोव्यास येऊन पोंचलीं, आणि पुढें कारवारच्या बाजूस तिनें वखारही घातली. एकच मनुष्य, एकच साल. एका हातांत इंग्लंडच्या खेड्याचा नकाशा आणि दुसऱ्या हातांत आपल्या किनाऱ्याचा परवाना! जमीन मोजून तिचें उत्पन्न काढावयाचें आणि समुद्र ओलांडून दुसऱ्याची बाजारपेठ हस्तगत करावयाची, या दोन्ही गोष्टी एकाच पेढीच्या खतावणींत शेजारी शेजारी मांडल्या गेल्या होत्या. इंग्रजी साम्राज्य प्रथम कोणत्या भूमीवर चालून गेलें, या प्रश्नाचें उत्तर देतांना इंग्लंडच्या खेड्यासही विसरून चालणार नाहीं.

कारण लॅक्स्टन जसें राहिलें तशीं इतर गांवें राहिलीं नाहींत. कुंपणच शेत खातें, ही म्हण रक्षक भक्षक झाला असतां आपण योजतों. इंग्लंडांत ती अक्षरशः खरी झाली. १६०४ पासून १९१४ पर्यंत पार्लमेंटानें कुंपणबंदीचे पांच हजार दोनशेंहून अधिक कायदे केले, आणि त्यांनीं अडुसष्ट लक्ष एकरांच्या सुमाराची जमीन आवळली. रीत अशी असे: गांवांतील मोठे मालक पार्लमेंटाकडे अर्ज करीत, संमति मोजावयाची ती डोक्यांवरून नव्हे, तर जमिनीच्या किंमतीवरून. तीन-चतुर्थांश किंवा चार-पंचमांश किंमतीची जमीन ज्यांच्या हातीं, त्यांनीं होकार दिला कीं गांवानें होकार दिला असें समजावयाचें. मग ते मालक दोघे असोत कीं तिघे असोत. नंतर कमिशनर येत, जुने पट्टे व सामायिक रान मोडून नवीन वांटणी करीत, आणि प्रत्येकानें आपल्या वांट्यास कुंपण घालावें असें ठरवीत. कुंपणाचा, मोजणीचा आणि वकिलांचा खर्च लहान शेतकऱ्यास सोसला नाहीं म्हणजे तो आपला तुकडा विकून मोकळा होई. ज्या मजुराजवळ कागद नव्हता, पण ज्याची एक गाय सामायिक रानांत चरत असे व ज्याची चूल त्याच रानांतील सरपणावर पेटत असे, त्यास बहुधा कांहींच मिळालें नाहीं. कारण कायदा कागद पाहतो, चूल पाहत नाहीं.

हें सर्व सुधारणेच्या नांवाखालीं झालें, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कुंपणानें उत्पन्न वाढतें, पशूंची निपज सुधारते, आळशांस उद्योग लागतो, असा तेव्हांचा सिद्धांत होता, आणि त्यांत कांहींच तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. उत्पन्न वाढलें किती आणि त्याचें श्रेय कुंपणास किती, यावर पंडितांचा वाद आजही चालू आहे. परंतु नफा कोणाच्या पदरीं पडला यासंबंधानें मात्र त्या काळच्या प्रामाणिक मनुष्यांसही शंका राहिली नाहीं. आर्थर यंग हा कुंपणबंदीचा मोठा पुरस्कर्ता. पण गांवोगांव हिंडून गरिबांची स्थिति पाहिल्यावर १८०१ सालीं त्यानें उघडपणें लिहिलें कीं, बहुतेक ठिकाणीं या कायद्यांनीं गरिबांचें नुकसान झालें आहे. आपलेंच मत खोटें ठरल्याचें जाहीरपणें कबूल करणारा सुधारक विरळा. म्हणून त्याचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. नॉर्थॅम्प्टनशायरांतील हेल्पस्टन या खेड्याच्या कुंपणबंदीचा कायदा १८०९ सालीं झाला. त्या गांवीं जॉन क्लेअर नांवाचा शेतमजूर कवि होता. लहानपणापासून पायांखालचें रान एकाएकीं परकें झाल्याचें दुःख त्यानें आपल्या काव्यांत गाइलें. १८३० सालीं दक्षिण इंग्लंडांतील मजुरांनीं मळणीचीं यंत्रें फोडलीं व गंजींस आगी लाविल्या. तेव्हां कित्येकांस फांशी आणि शेंकडों लोकांस काळें पाणी झालें. १८३४ मध्यें टॉलपडल गांवच्या सहा मजुरांनीं संघ करण्यासाठीं शपथ घेतली, एवढ्याच अपराधाबद्दल त्यांस ऑस्ट्रेलियांत पाठविण्यांत आलें. ज्या शेतमजुराच्या पायांखालून रान काढून घेतलें, त्यास पार्लमेंटाच्या निवडणुकींत मत मिळावयास १८८४ साल उजाडावें लागलें. साम्राज्य दुसऱ्यांवर गाजविणाऱ्या राष्ट्रानें आधीं आपल्याच खेडुतांवर काय गाजविलें, हें आपण राष्ट्राभिमानी म्हणविणाऱ्यांनीं अवश्य वाचावें. तें वाचल्यानें इंग्रजांविषयींची भीति जाते आणि इंग्रज गरिबाविषयीं बंधुभाव उत्पन्न होतो.

आतां एक मोठा आक्षेप. १९६८ सालीं गॅरेट हार्डिन या अमेरिकन विद्वानानें असें प्रतिपादिलें कीं, सर्वांचें म्हणून जें रान असतें त्याचा नाश ठरलेलाच असतो. कारण प्रत्येक जण आपलें एक गुरूं अधिक सोडतो, आणि शेवटीं सर्वांचीं गुरें उपाशी मरतात. हा युक्तिवाद पाहतां पाहतां जगभर पसरला; सामायिक जमीन विकावयास निघालेल्या प्रत्येकास तो हातचें हत्यार झाला. परंतु हार्डिननें कल्पिलेलें रान कोणाच्याही ताब्यांत नसलेलें होतें. त्यांत ज्यूरी नव्हती, कोंडवाडा नव्हता, दंड नव्हता आणि लाज नव्हती. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें देशोदेशींचीं सामायिक रानें, पाट व मासेमारीचीं स्थळें तपासून १९९० सालीं दाखवून दिलें कीं, जेथें वापरणारांनीं स्वतः नियम केले, स्वतः पहारा ठेविला आणि चढत्या क्रमानें सौम्य दंड बसविले, तेथें सामायिक संपत्ति पिढ्यानुपिढ्या टिकली. या कामासाठीं २००९ सालीं तिला अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. लॅक्स्टनच्या शेतकऱ्यास या सिद्धांताची खबर द्यावयास कोणी गेला असता, तर त्यानें बहुधा मान हालवून आपली खुंटी ठोकणें चालू ठेविलें असतें.

तथापि आम्ही लॅक्स्टनची आरती ओंवाळावयास बसलों नाहीं. तेथील शेतकरी बहुतेक कुळें आहेत. कोर्टेननंतर गांव पिअरपाँट घराण्याकडे, म्हणजे पुढें मॅन्व्हर्स अर्लांकडे गेलें. १९५२ सालीं ही पद्धति टिकावी म्हणून शेतकी खात्यानें तें विकत घेतलें, १९८१ मध्यें तें क्राउन एस्टेटकडे आलें, आणि २०२० सालीं थोर्सबी एस्टेट या जुन्या घराण्याच्या मिळकतींत पुन्हां गेलें. प्रत्येक हस्तांतराच्या वेळीं गांवाचें भवितव्य दुसऱ्या कोणाच्या तरी मर्जीवर लटकत राहिलें. ज्यूरींत बसणारा तो जमीन कसणारा. ज्यास पट्टा नाहीं अशा मजुराचा त्या खुंट्यांवर अधिकार किती चालला असेल, हें सांगावयास नको. पट्टेही पूर्वींइतके बारीक राहिले नाहींत. पुष्कळ एकत्र झाले, कडेचें बरेंच रान आवळलें गेलें, आणि बैलाच्या व घोड्याच्या जागीं ट्रॅक्टर आला. कोणी म्हणेल, हें गांव म्हणजे सरकारी व सरदारी कृपेवर जगलेलें पदार्थसंग्रहालय आहे. अर्धें खरें आहे. आम्ही विखुरलेल्या पट्ट्यांचे वकील नाहीं. आम्ही त्या पट्ट्यांवर दरवर्षीं उतरणाऱ्या पंचांचे वकील आहों. पट्टे जुने झाले म्हणून पंचही टाकाऊ झाले, असें अनुमान काढणारा न्यायशास्त्र शिकलेला नसावा.

या गांवाचा आणि आपला संबंध केवळ कल्पनेचा नाहीं. सर हेन्री मेन हे १८६२ ते १८६९ पर्यंत व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत कायद्याचे सभासद होते. परत गेल्यावर १८७१ सालीं त्यांनीं पौर्वात्य व पाश्चात्य ग्रामसंस्थांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि हिंदुस्थानांतील गांव व इंग्लंडांतील जुनीं मोकळीं रानें हीं एकाच कुळांतील आहेत असें मत मांडिलें. त्यांच्या मतांतील अतिशयोक्ति पुढील संशोधकांनीं दाखविली आहे. पण दैवाची थट्टा पाहा! आपल्या देशांतील मोडलेल्या गांवाची सांवली ज्यांस येथें दिसली, त्यांच्याच सरकारच्या अमलांत दख्खनच्या गांवाचे सांधे निखळत होते. १८३५ नंतर इंदापुराकडून सुरू झालेल्या नव्या मोजणींत सरकारनें गांवाशीं नव्हे, तर एकेका खातेदाराशीं व्यवहार बांधिला. तंटे गांवच्या चावडींतून तालुक्याच्या कोर्टांत गेले. यांत रयतेचा कांहीं फायदाही झाला, हें नाकबूल करणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु गांवानें आपलें आपण पाहावें ही संवय मोडली, आणि संवय एकदां मोडली म्हणजे ती कायद्याच्या कलमानें परत येत नाहीं.

आपल्या तुकड्यांची व लॅक्स्टनच्या पट्ट्यांचीही गल्लत करूं नये. आपल्याकडे वारसांच्या वांटण्यांनीं जमिनीच्या चिंध्या झाल्या, म्हणून १९४७ सालीं मुंबई सरकारास तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा करावा लागला. तेथें पट्टे विखुरलेले असून नियम एक होता. येथें पट्टे विखुरलेले आणि प्रत्येकाचा नियम निराळा. दुःख तुकड्यांचें जितकें, त्याहून अधिक या निर्नायकीचें आहे.

मग जुनी पंचायत जशीच्या तशी परत आणावी काय? मुळींच नाहीं. १९१५ सालीं ‘गांव-गाडा’ लिहिणाऱ्या त्रिंबक नारायण आत्र्यांनीं आपल्या गांवांतील दोष झांकून ठेविले नाहींत, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत डॉ. आंबेडकरांनीं ग्रामसंस्थेच्या गौरवावर जो प्रहार केला तो ज्यास वर्मीं लागला नाहीं, त्यानें सुधारणेचें नांव घेऊं नये. ज्या पंचांपुढें महारा-मांगांस ओसरीखालीं उभें राहावें लागे आणि ज्या पंचांत स्त्रीस जागाच नव्हती, ते पंच परमेश्वर नव्हते. ते केवळ वरिष्ठांचे वकील होते. येथेंच आपला व लॅक्स्टनचा खरा हिशेब उघडतो. त्यांच्याजवळ संवय आहे, पण हक्क सर्वांस नाहीं. आपल्याजवळ हक्क सर्वांस आहे, पण संवय नाहीं. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंत स्थान दिलें. गांवचा प्रत्येक मतदार, मग तो पाटील असो, भूमिहीन असो वा विधवा असो, तिचा सभासद आहे. असा अधिकार लॅक्स्टनच्या मजुरास स्वप्नांतही नव्हता. आणि आपण त्याचें काय करितों? सभेच्या दिवशीं सह्यांची वही घरोघर फिरते, ठराव आधींच लिहिलेला असतो, आणि गायरानाचा लचका तोडणारा मनुष्य पहिल्या रांगेंत बसून हार स्वीकारतो. सुप्रीम कोर्टानें २०११ सालीं गांवच्या सामायिक जमिनींवरील आक्रमणें काढून टाकण्यासंबंधीं सर्व राज्यांस स्पष्ट आदेश दिले. पण दिल्लींतील न्यायमूर्तींनीं दख्खनच्या बांधावर येऊन खुंटी ठोकावी, अशी अपेक्षा कोण करील?

हें काम होऊं शकत नाहीं असें मात्र नव्हे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गोंड लोकांच्या लहानशा गांवानें २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, आणि पुढें तेथील बांबू ग्रामसभेनें स्वतः विकला. तेथें निर्णय सर्वांच्या संमतीनें होतात. ज्यांस आपण शहरांत बसून मागासलेले म्हणतों, त्यांनीं लॅक्स्टनचा कित्ता न वाचतांच गिरविला.

आमचे वाचक बहुतेक शहरांतले, दुकानदार, अडते, वकील व शिक्षक आहेत. त्यांस वाटेल, हा उपदेश खेडुतांस करावा. आम्हांस काय त्याचें? परंतु ज्याच्या गांवीं वडिलांची जमीन नाहीं असा वाचक विरळा, आणि गांवच्या गायरानाच्या कागदावर नजर ठेवून असलेला ग्राहक तर बहुधा शहरांतूनच जातो. इंग्लंडांतील कुंपणबंदीचे अर्जही गांवच्या मजुरांनीं लिहिले नव्हते. ते वकिलांनीं लिहिले, आणि पेढीवाल्यांनीं त्यांस पैसा पुरविला. म्हणून आमची विनंती एवढीच आहे कीं, प्रत्येकानें या वर्षीं आपल्या गांवच्या एका तरी ग्रामसभेस स्वतः जावें, गायरानाचा सात-बाराचा उतारा भर सभेंत वाचावयास लावावा, आणि सभा संपल्यावर चार जाणत्यांस, त्यांत एक भूमिहीन व एक स्त्री अवश्य घेऊन, त्या जमिनीच्या चारही हद्दींवरून चालून यावें. जेथें खुंटी हालली असेल तेथें ती त्याच दिवशीं सर्वांच्या देखत ठोकावी. यास मंत्र्याची परवानगी लागत नाहीं, निधि लागत नाहीं, आणि वकीलही लागत नाहीं, हें आम्ही वकील असूनच सांगतों.

गांव करी तें राव काय करी, असें आपले वडील म्हणत. लॅक्स्टनचे राव आजपर्यंत कित्येकदां बदलले. गांवानें आपली खुंटी सोडली नाहीं. आपले राव तर आपणच निवडून देतों; खुंटी ठोकणारा गांव तेवढा अजून उभा राहावयाचा आहे.